दहा फुटांवरचा खेळ

टीव्ही कोणत्या भिंतीला ठेवायचा हा प्रश्न एकदा सुटला, की मध्यमवर्गीय माणसाला आपले घर लागले असे वाटू लागते. मग टीव्हीसमोर सोफा येतो, सोफ्यासमोर टीपॉय येते, टीपॉयवर वर्तमानपत्र येते आणि वर्तमानपत्राखाली रिमोट हरवतो. ही मांडणी इतकी पक्की असते, की घरी आलेले पाहुणेसुद्धा बसतात टीव्हीकडे तोंड करून आणि ख्यालीखुशाली विचारतात आपली. देवघराची दिशा चुकली तर लोक सांभाळून घेतात. टीव्हीची चुकली तर वर्षभर माना अवघडतात.

या टीव्हीचे आणि आपले नाते तसे सरळ आहे. त्याने दाखवायचे आणि आपण बघायचे. चहा करण्यासाठी गॅसजवळ उभे राहावे लागते, कपडे धुण्यासाठी मशीनचे बटण तरी दाबावे लागते. टीव्हीपुढे नुसते असून भागते. काहीजण तर नसतातही, घोरत असतात. तेव्हा या पेटीतला ठिपका आपण आपल्या हाताने हलवावा, असा विचार ज्याच्या मनात प्रथम आला असेल, तो मनुष्य स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हता हे नक्की.

हल्ली पुष्कळ घरांतली मुले कॉम्प्युटरची वायर ओढून हॉलमधल्या टीव्हीला लावतात, दोन शिंगांचा कंट्रोलर हातात घेतात आणि सोफ्यावर मांडी ठोकून कॉम्प्युटरचे खेळ खेळतात. आमच्याही घरात हा प्रकार शिरलेला आहे. बघणाऱ्याला वाटते, हे काहीतरी नवीन खूळ दिसते. पण खूळ जुने आहे. त्याला सत्तर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि सनावळ्यांचा मला पहिल्यापासून नाद असल्यामुळे तो मी तुम्हांला सांगणार आहे. शिवकाल आणि पेशवाई हे विषय थोरामोठ्यांनी आधीच घेऊन टाकल्यामुळे माझ्या वाट्याला हाच उरला.

या इतिहासाचे मूळपुरुष राल्फ बेअर. जन्म १९२२, जर्मनी. ज्यू कुटुंब. त्या काळच्या जर्मनीत ज्यू म्हणून राहणे म्हणजे काय होते हे सांगायला नको. १९३८ साली हे कुटुंब वेळेवर निसटले आणि अमेरिकेला पोचले. पोराने कारखान्यात काम करता करता पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला. पुढे युद्ध झाले, लष्करी नोकरी झाली आणि १९४९ साली टेलिव्हिजन इंजिनियरिंगची पदवी मिळाली. १९५१ साली एका कंपनीत त्यांना उत्तमातला उत्तम टीव्ही बनवायला सांगितले, तेव्हा बेअरसाहेब म्हणाले, बनवतोच आहोत तर यात एखादा खेळही घालू. वरिष्ठांचे म्हणणे पडले, की ते राहू द्या, काम आधीच मागे पडले आहे. साहेबलोकांची भाषा देशोदेशी वेगळी असते, पण वाक्य हेच असते.

कल्पना बासनात गेली ती पंधरा वर्षे. १९६६ च्या ऑगस्टमध्ये बेअर न्यूयॉर्कच्या बसस्टँडवर एका सहकाऱ्याची वाट बघत बसले होते. बसल्या बसल्या ती कल्पना पुन्हा उपटली. १ सप्टेंबर १९६६ रोजी ऑफिसात त्यांनी चार पानांचे टिपण लिहून काढले आणि जगाच्या दिवाणखान्यांचे भवितव्य ठरले. आमच्या एस. टी. स्टँडवर माणसाला जेवढा वेळ वाट बघावी लागते, तेवढ्यात खरे म्हणजे चार-पाच शोध लागायला हवेत. पण आपल्याकडे त्या वेळात फक्त शेंगा संपतात.

गंमत अशी, की तेव्हा बेअर ज्या कंपनीत होते ती लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी. कागदावर रडार, पाणबुड्या वगैरे भारदस्त शब्द असायचे. त्यांत यांनी आपल्या टीव्हीवरच्या खेळाला नाव दिले ‘चॅनेल एल.पी.’. एल.पी. म्हणजे ‘लेट्स प्ले’. म्हणजे आपल्या भाषेत, ‘चल, खेळू या’. पोराने गॅलरीखाली उभे राहून मारायची हाक या गृहस्थाने युद्धसामग्रीच्या फायलीत घातली! माझ्या मते शोध यंत्राचा नंतर लागला. खरा शोध त्या दोन शब्दांचा.

बेअर यांच्या आधी कोणी पडद्यावर खेळलेच नव्हते असे नाही. १९५८ साली ब्रूकहेवनच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने, बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून, पाच इंची ऑसिलोस्कोपवर टेनिस उभे केले होते. हातात धरायला एक डबी, तिला एक खुंटी आणि एक बटण. हे गृहस्थ युद्धकाळात अणुबाँबच्या कामावर होते. नंतर टेनिस करावेसे वाटले यात नवल नाही. पुढे १९६२ साली एमआयटीच्या पोरांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा अवकाशयुद्धाचा खेळ केला. स्टीव्ह रसेल हा त्यांतला म्होरक्या. तो खेळ चालायचा त्या कॉम्प्युटरची किंमत १,२०,००० डॉलर! यंत्रावरची बटणे दाबून दाबून पोरांची कोपरे दुखायला लागली, शिवाय बटणांजवळ बसलेल्या एकाला पडदा नीट दिसे आणि दुसऱ्याला दिसत नसे. तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबातले सुटे भाग जमवून वेगळ्या डब्या बनवल्या आणि वायरी लांब केल्या. तात्पर्य, आजचा कंट्रोलर हा कोपरदुखी आणि भांडण या दोन अत्यंत घरगुती कारणांतून जन्माला आला आहे.

पण या यंत्रांपुढे बसायला प्रयोगशाळेत जावे लागे. बेअर यांची मेख अशी, की लोकांच्या घरी पेटी आधीच आलेली आहे, आपण नुसती तिला वायर जोडायची. १९६८ पर्यंत त्यांचा नमुना तयार झाला. त्याला लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवला होता, म्हणून नाव पडले ‘ब्राऊन बॉक्स’. स्टीलच्या कपाटालाही सागवान दाखवण्याची हौस आपल्याकडेच आहे असे मी समजत होतो. मॅग्नावॉक्स कंपनीने तो घेतला आणि १९७२ साली ‘ओडिसी’ या नावाने सुमारे १०० डॉलरला बाजारात आणला.

ओडिसीला आवाज नव्हता. रंग नव्हते. गुण मोजता येत नसत. ते खेळणाऱ्यांनी कागदावर मांडायचे आणि त्यावरून भांडायचे. पडद्यावर काय, तर तीन पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ. एक ठिपका तुमचा, एक माझा, तिसरा चेंडू. टेनिसचे मैदान हवे असेल तर त्याचे चित्र असलेला पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. सोबत फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही मिळत. एवढे सगळे देऊनही त्या यंत्रात एक गोष्ट नव्हती. ते स्वतः तुमच्याशी खेळत नसे. चेंडू परतवायला शेजारी माणूसच लागे. घरात दुसरे कोणी नसेल तर तुमचे शंभर डॉलर गप्प. ही त्या यंत्राची उणीव, असे तेव्हाच्या आणि नंतरच्या जाणकारांना वाटले असेल. मला ती त्याची सगळ्यांत मोठी करामत वाटते. का, ते पुढे येईलच.

१९७२ हे साल ध्यानात ठेवा. अमेरिकेत लोक टीव्ही बघून कंटाळले म्हणून खेळू लागले, त्याच साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि आपण बघू लागलो. बघू लागलो म्हणजे ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या घरी जाऊन बघू लागलो. चपला दाराबाहेर, पोरे पुढे, बाया सतरंजीवर, पुरुष खुर्चीत आणि घरमालक स्वतःच्याच घरात उभे. ‘व्यत्यय’ ही पाटीसुद्धा आम्ही भक्तिभावाने बघत असू. त्या गर्दीत कोणी उठून म्हणाला असता, की हा टीव्ही बघायचा नाही, याच्याशी खेळायचे, तर त्याला लोकांनी हाताला धरून गॅलरीत गार वाऱ्याला नेऊन बसवले असते.

इकडे अमेरिकेत मे १९७२ मध्ये ओडिसीचे प्रात्यक्षिक बघायला नोलन बुशनेल नावाचे तरुण गृहस्थ गेले होते. त्यांनी पाहुण्यांच्या वहीत सही केली, टेनिस खेळून बघितले आणि घरी गेले. त्याच वर्षी त्यांच्या अटारी कंपनीने ‘पाँग’ आणला. पहिले यंत्र एका बारमध्ये ठेवले, तर थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. उघडून बघतात तो नाण्यांची पेटी तुडुंब भरून अडकलेली! यंत्र बंद पडण्याचे इतके सुखाचे कारण मी दुसरे ऐकलेले नाही. १९७५ साली हाच पाँग घरच्या टीव्हीसाठी आला. वहीतली ती सही पुढे कोर्टात उपयोगी पडली आणि १९७६ साली मॅग्नावॉक्सशी तडजोड करून अटारीने पैसे मोजले. समारंभात वही पुढे आली, की सही करण्यापूर्वी मी हल्ली थोडा विचार करतो.

आता कंट्रोलर. अटारीने १९७७ साली जे यंत्र आणले त्याला एक दांडा आणि एक लाल बटण होते. दांडा म्हणजे जॉयस्टिक, विमानातून आलेला. तो मुठीत धरून पिळावा लागे, आणि तासाभराने हाताची अवस्था उसाचा रस काढणाऱ्यासारखी होई. यातून जगाची सुटका केली ती जपानच्या गुन्पेई योकोई यांनी. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी. १८८९ साली निघाली ती पत्ते बनवण्यासाठी. योकोई तिथे १९६५ साली लागले ते पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रे चालू ठेवायला. त्यांनी १९८२ साली हातातल्या छोट्या खेळासाठी अधिकच्या चिन्हासारखी फुली बनवली. डाव्या अंगठ्याने ती दाबली की वर, खाली, डावे, उजवे. पुढच्याच वर्षी निन्टेन्डोच्या टीव्हीवरच्या यंत्राला तोच कंट्रोलर आला : डावीकडे फुली, उजवीकडे दोन बटणे. तेव्हापासून खेळाची सगळी सूत्रे अंगठ्यांकडे गेली. ज्यांना आपण अंगठेबहाद्दर म्हणून हिणवत आलो, त्यांचा काळ आला.

पत्त्यांच्या कारखान्यातून हे साम्राज्य निघाले हे वाचल्यापासून मला सावंतवाडीची आठवण येते. तिथले चितारी पिढ्यान्‌पिढ्या गंजिफा रंगवत आले. काय ते गोल पत्ते, काय ते दशावतार! आपल्या हातात सुरुवात तीच होती. पुढे त्यांनी टीव्हीला वायर लावली आणि आपण गंजिफा काचेच्या कपाटात लावल्या.

आमच्या घरात टीव्हीवरचा खेळ शिरला तो १९९८ च्या सुमारास. त्या जपानी यंत्राची स्वस्त नक्कल बाजारात हजार-बाराशे रुपयांना मिळायची. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे लिहिलेले असे. त्यांतले खरे खेळ सात-आठ. बाकीचे तेच, फक्त नंबर वेगळे. निवडणुकीच्या याद्यांची सवय असल्यामुळे आम्हांला त्याचे काही वाटले नाही. टीव्हीच्या मागची वायर काढायची, ही घालायची, चॅनेल जुळवायचे, खरखर जाऊन मिश्यांचा तो प्लंबर दिसू लागला की चिरंजीव आणि शेजारचा त्याचा मित्र भिंतीला पाठ लावून बसायचे. वायर आखूड असल्यामुळे टीव्हीपासून चार फुटांवर. उडी मारताना दोघेही कंट्रोलरसकट वर उडायचे. साडेआठला माझी आई तिथे येऊन नुसती उभी राहायची. बोलायची नाही. तिच्या सिरियलची वेळ झाली हे त्या उभे राहण्यातून सगळ्या वाड्याला कळायचे. मग वायर निघे, पोरे उठत आणि सासूबाईंचा छळ सुरू होई, टीव्हीवर. घरात एकच टीव्ही असणे यासारखे लोकशाहीचे शिक्षण दुसरे नाही. भांडावे लागे, पण भांडायला सगळे एका खोलीत असत.

मग आला कॉम्प्युटर. वास्तविक कॉम्प्युटरही आधी दिवाणखान्यातलाच. १९८२ साली इंग्लंडात निघालेला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीलाच जोडायचा असे, आणि त्यावरचे खेळ टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चढत. चढताना तो जो किंचाळे, तो ऐकून घरातली माणसे दुसऱ्या खोलीत जात. पण १९८१ चा आयबीएमचा पीसी आणि त्याचा सगळा गोतावळा ऑफिसच्या टेबलावरून आलेला. त्याला स्वतःचा पडदा, स्वतःचा कीबोर्ड. साहजिकच घरातही त्याने स्वतःचे टेबल मागितले. टेबल हॉलमध्ये मावेना म्हणून ते आतल्या खोलीत गेले. त्यावर आमच्या हिने विणलेले कव्हर घातले. मुलाचा अभ्यास म्हणून खोलीचे दार लोटले. पुढे हेडफोन आला आणि दार लागले.

हे काही एका दिवसात झाले नाही, म्हणूनच कोणाच्या लक्षात आले नाही. टीव्हीवरचा खेळ दहा फुटांवरून, चारचौघांत. कॉम्प्युटरवरचा खेळ दोन फुटांवरून, एकट्याने. एकटा म्हणजे अगदीच एकटा नाही; कानातून कोरिया-ब्राझीलची पोरे बोलत असत. पण आमचे आणि चिरंजीवांचे बोलणे हळूहळू तीन वाक्यांवर आले. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘दार लावून घे.’ नोकरी लागल्यावर त्यात ‘पगार झाला का?’ ही भर पडली. दोष कोणाचा नव्हता. समोरासमोर बसून मुलाशी बोलायचे म्हणजे बापाला परीक्षकासारखे वाटते आणि मुलाला परीक्षेसारखे. आमच्या पिढीचे वडील तर बोलतच नसत, त्यामुळे आम्ही कोणाकडून शिकणार?

२०२० साली टाळेबंदी आली. तीन माणसे, तीन खोल्या. बाहेरच्या जगापेक्षा आतल्या दाराची बंदी मला जास्त जाणवू लागली. आणि एके दिवशी चिरंजीव टेप घेऊन आपल्या खोलीपासून हॉलच्या टीव्हीपर्यंतचे अंतर मोजताना दिसले. म्हणाले, “बाबा, टीव्ही मोठा आहे. बसून बसून पाठ गेली माझी. खेळ सोफ्यावरून खेळतो.” एमआयटीच्या पोरांचे कोपर, आमच्या पोराची पाठ. इतिहास हा असाच पुढे सरकतो.

वाटते तितके ते सोपे नसते. एचडीएमआय नावाची वायर निघाली २००२ साली, तिच्यातून चित्र आणि आवाज एकत्र जातात, हे खरे. पण कॉम्प्युटरचा जन्म टेबलाचा आणि टीव्हीचा सोफ्याचा. पत्रिका जुळत नाही. पहिल्याच दिवशी चित्राच्या चारी कडा टीव्हीने गिळल्या. जुन्या काळी चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असत म्हणून त्या झाकायची टीव्हीला सवय लागलेली; ती सुटता सुटत नाही. मग अक्षरे. दोन फुटांवरून वाचायची अक्षरे दहा फुटांवरून मुंग्यांसारखी दिसत. माझे मोतीबिंदू त्याला जबाबदार आहे असे हिचे मत होते, पण चिरंजीवांनाही दिसेना तेव्हा मी निर्दोष सुटलो. मग उशीर. बटण दाबले की पडद्यावरचा गडी क्षणभराने उडे. तोवर दरीत गेलेला असे. कारण असे, की हल्लीचे टीव्ही आलेले चित्र तसेच दाखवत नाहीत. आधी त्याला आत घेऊन पावडर-कुंकू करतात, केस नीट करतात, मग बाहेर पाठवतात. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात ते ठीक आहे. उडी मारताना नाही. त्यावर टीव्हीतच ‘गेम मोड’ नावाचा उपाय असतो. तो लावला की चित्र घरच्या कपड्यांत, पण वेळेवर येते.

राहिला कीबोर्ड आणि माऊस. सोफ्यावर कीबोर्ड मांडीवर बसतो, पण माऊसला सपाट जागा हवी. चिरंजीवांनी शोधाशोध करून पोळपाट आणला. पोळपाटावर उंदीर ही कल्पना आमच्या हिला नावापासूनच पसंत पडली नाही. दुसऱ्या दिवशी कंट्रोलरची ऑर्डर गेली.

जगातही असेच झाले आहे. मायक्रोसॉफ्टने २००५ साली आपल्या एक्सबॉक्स ३६० साठी केलेला कंट्रोलर कॉम्प्युटरलाही चालू लागला आणि पीसीचे खेळ लिहिणारे लोक ‘खेळणाऱ्याच्या हातात तो असेल’ असे धरून चालू लागले. व्हॉल्व्ह कंपनीने, जिचे ‘स्टीम’ हे खेळांचे दुकान इंटरनेटवर २००३ पासून आहे, २०१२ च्या डिसेंबरात ‘बिग पिक्चर’ नावाची सोय आणली : अक्षरे मोठी, चौकटी मोठ्या, सगळे दहा फुटांवरून दिसेल असे आणि अंगठ्याने चालेल असे. २०१५ साली खास हॉलमध्ये ठेवण्यासाठी ‘स्टीम मशीन’ काढले. ते चालले नाही. त्यांचा त्या वेळचा कंट्रोलर २०१९ साली पाच डॉलरला काढून टाकावा लागला. पण २०२२ मध्ये त्यांनी हातात मावणारा कॉम्प्युटर आणला, जो टीव्हीलाही जोडता येतो, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ‘स्टीम मशीन’ पुन्हा आणत असल्याचे जाहीर केले. पडलेला उमेदवार पुन्हा उभा राहतो तो काही उगीच नाही. खुर्ची कुठेतरी दिसत असते. इथे खुर्ची म्हणजे सोफा.

आमच्या सोफ्यावर कंट्रोलर आले ते दोन. जोडीत स्वस्त पडले, असे चिरंजीवांचे म्हणणे. मी त्यावर विश्वास ठेवला. २०२१ च्या मार्चमध्ये ‘इट टेक्स टू’ नावाचा एक स्वीडिश खेळ निघाला होता. त्याचा नियम असा, की तो एकट्याला खेळताच येत नाही. दुसरा माणूस नसेल तर सुरूच होत नाही. ओडिसीनंतर एकोणपन्नास वर्षांनी, एवढे रंग, एवढा आवाज, एवढी अक्कल यंत्रात आल्यावर, शहाण्या माणसांनी मुद्दाम पुन्हा तीच उणीव घातली, आणि त्या खेळाला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून पारितोषिकही मिळाले.

गोष्ट अशी : नवरा-बायको काडीमोड घ्यायला निघालेले असतात. त्यांच्या मुलीच्या रडण्यातून दोघांच्या बाहुल्या होतात आणि घरी परत यायचे तर दोघांनी मिळून प्रत्येक अडचण पार करावी लागते. सुरुवातीलाच बायकोच्या हाती हातोडा येतो आणि नवऱ्याकडे खिळे. स्वीडनच्या लोकांना आमच्या घरची माहिती कोणी पुरवली हे मला कळलेले नाही. नवऱ्याने भिंतीत खिळा फेकायचा, बायकोने त्याला हातोडा अडकवून झोका घ्यायचा. आम्ही दोघे बसलो. पस्तीस वर्षांच्या संसारात मी खिळा वेळेवर आणि योग्य जागी ठोकल्याचा तो पहिला प्रसंग, असे हिने पलीकडच्या काकूंना फोनवर सांगितले.

हिला स्वयंपाकाला जायचे असले की माझ्या शेजारी चिरंजीव बसत. त्या खेळात एक बरे आहे. एकजण दरीत पडला तरी दुसरा जिवंत असेल तोवर पहिला क्षणात परत येतो. मी वारंवार पडत असे आणि चिरंजीव नुसते उभे राहून मला परत आणत असत. असेच एका संध्याकाळी आम्ही उड्या मारत होतो. त्यांचे डोळे टीव्हीवर, माझेही टीव्हीवर. ते म्हणाले,

“बाबा, आता डावीकडे. हां. मला नेदरलँड्सची नोकरी आलीये. उडी मारा.”

मी पडलो.

“कधी?” परत येऊन मी विचारले.

“सप्टेंबर. तुम्हांला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं दोन आठवडे.”

“आईला?”

“नाही अजून. खिळा फेका ना, मी लटकलोय.”

मी खिळा फेकला. मग त्या रात्री आम्ही साडेअकरापर्यंत खेळलो आणि खेळता खेळता तो बोलत राहिला. इथे काय खटकते, तिकडची भीती काय वाटते, आमच्या म्हाताऱ्या गुडघ्यांची काळजी किती वाटते. इतकी वर्षे लावलेल्या दाराआडचे बरेच काही त्या दोन तासांत बाहेर आले. मी फार बोललो नाही. मला एकसारखे पडायचे काम होते. पण समोरासमोर बसून जे आम्हांला कधी जमले नाही, ते शेजारी बसून, एकाच दिशेला बघत जमले. बापलेकांची खुर्च्यांची मांडणीच आजवर चुकत आली होती. सोफ्याने ती बरोबर लावली.

तो गेला. खोली रिकामी झाली, कॉम्प्युटर मात्र आता हॉलमध्येच टीव्हीखाली असतो, त्यावर तेच विणलेले कव्हर. रविवारी दुपारी इंटरनेटवरून तो खेळायला येतो. कधी मी, कधी ही. जेवण झाल्यावर कंट्रोलर चार्जिंगला लावायचे काम माझ्याकडे आहे आणि ते मी पाणी भरून ठेवण्याच्या नेमाने करतो. ती वायर जोडताना मला हमखास बेअरसाहेब आठवतात.

त्यांना २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. डिसेंबर २०१४ मध्ये, ९२ व्या वर्षी ते गेले. त्यांचा तो सागवानी कागदाचा ब्राऊन बॉक्स वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोळा वर्षांचा असताना आपला देश, आपली गल्ली आणि गल्लीतले सवंगडी टाकून ज्याला पळावे लागले, त्याने उभ्या जगाच्या घरात एकच खेळ पोचवला, आणि तोही शेजारी दुसरे माणूस असल्याशिवाय न चालणारा. यात संबंध आहे की नाही हे मानसशास्त्रवाल्यांनी ठरवावे. मी आपला सनावळ्यांचा माणूस.

आमच्या रविवारच्या खेळात अजून थोडा उशीर होतो. गेम मोड लावलेला असतो, पण नेदरलँड्स ते इथे म्हणजे अंतरच तेवढे. बटण इथे दाबले की तिकडे जाऊन यायला क्षणभर लागतो. चिरंजीव त्यावर काहीतरी उपाय शोधत आहेत. मी सांगितले, घाई करू नकोस. तेवढ्या क्षणात तुझ्या आईचा वरणभात खाली उतरवून होतो.